हेडसरांचा खिळा

काकूंच्या स्वयंपाकघरात, फ्रीज आणि खिडकी यांच्या मधल्या भिंतीवर, एक लांबट फळी ठोकलेली होती. फळीवर ओळीने खिळे, आणि खिळ्यांना गल्लीतल्या घराघरांच्या किल्ल्या. शहराबाहेरच्या त्या वसाहतीत सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली. दोन-दोन घरं खांद्याला खांदा लावून उभी, पुढे हातभर बाग, दोघांत मिळून एक रुंद पायरी आणि पायरीवर शेजारी-शेजारी दोन दारं. दारांना लॅच. आता लॅच ही मोठी द्वाड वस्तू. वर्तमानपत्र उचलायला माणसाने पाऊल बाहेर टाकावं, मागे वाऱ्याने दार धाडकन लागावं, आणि माणूस घरच्या कपड्यांत पायरीवर उभा! मग तो हातातल्या वर्तमानपत्राने जेवढी लाज झाकता येईल तेवढी झाकत काकूंकडे धावे.

म्हणून तर सगळ्यांनी आपापली एक जादा किल्ली काकूंकडे ठेवली होती. त्यांना गल्लीत किल्लीकाकू म्हणत. कोणी गावाला गेलं की काकू झाडांना पाणी घालणार, मांजराला दूध ठेवणार, मीटर बघायला आलेल्या माणसाला दार उघडून देणार. फळीवर ना कोणाचं नाव, ना नंबर. कुठला खिळा कोणाचा हे काकूंना पाठ, आणि एवढं पुरे होतं.

काकूंचा नियम सोपा होता. आत जायचं, सांगितलेलं काम करायचं, नसत्या खोलीत डोकवायचं नाही, आणि आत जे दिसेल ते आतच ठेवून यायचं. कोणाच्या कपाटावर किती बाटल्या आहेत आणि कोणते नवरा-बायको दोन वेगळ्या खोल्यांत झोपतात, हे काकूंना माहीत होतं. पण ते बाहेर कधीच पडलं नाही.

काकांना मात्र हे फार जड जाई. सगळी नोकरी त्यांनी बस चालवण्यात घालवलेली. गर्दी आणि गप्पा यांच्याशिवाय त्यांना करमायचं नाही.

"अगं, नवऱ्याला सांगितलं तर काय बिघडतं?" ते विचारायचे.

"तुम्हाला सांगितलं म्हणजे बसस्टॉपवर पाटी लावल्यासारखंच की!"

काकूंना या फळीचा अभिमान होता. तो त्या लपवतही नसत. लोकांच्या भिंतीवर बक्षिसं असतात, फोटो असतात, त्यांच्या भिंतीवर गल्लीचा विश्वास टांगलेला होता. फळी पुसताना त्या एकेक किल्ली उचलून खालची धूळ काढत. सबंध फळीवर एकच खिळा रिकामा होता, पण तोही पुसला जाई.

तो हेडसरांचा.

हेडसर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि रहिवाशांच्या कमिटीचे अध्यक्ष. शाळा सुटली तरी शाळा यांच्यातून सुटली नव्हती. कोणाचं कुंपण वाढलं, कोणाचा कचऱ्याचा डबा दिवसभर फाटकाबाहेर राहिला, कोणाच्या बागेत गवत माजलं की त्याच्या दाराखालून चिठ्ठी आत सरकलीच म्हणून समजा. चिठ्ठीत अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर छडीसारखा. त्यांची बायको मात्र गोड होती. फाटकाशी उभ्या-उभ्या काकूंशी तिचं चांगलं जमायचं. "आमचीही एक किल्ली तुमच्याकडे असू दे," असं ती एकदा म्हणाली होती. त्यावर सर म्हणाले, "घरात माणसं दोन, किल्ल्या दोन. तिसरी कशाला?" पुढे ती गेली. घरात माणूस एक उरलं आणि किल्ल्या दोनच राहिल्या, तरी जादा झालेली ती किल्ली काही काकूंच्या फळीवर आली नाही. सरांच्या घरात गल्लीतल्या कोणी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. बोलायचं ते सर फाटकाशी येऊन बोलत.

त्या वर्षी सरांनी कमिटीत ठराव केला की गल्लीतली सगळी दारं एकाच रंगाची करायची. राखाडी. निळी, हिरवी, तपकिरी, एक तर चक्क गुलाबी, अशी दारं म्हणजे जत्रा दिसते म्हणे! लोकांनी कुरकुर केली, पण सरांपुढे बोलायची कोणाची टाप? रंगारी आले. त्यांनी दारांवरचे नंबर काढून ठेवले, पायपुसणी आणि चपलांचे स्टँड मागच्या अंगणांत नेऊन टाकले आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी दारं राखाडी करून टाकली. रंग पुरता सुकल्यावर नंबर लावू, असं सांगून ते पुढच्या कामाला निघून गेले.

नेमकी त्याच आठवड्यात नर्सबाई सुटी घेऊन आईकडे गेली. ती गल्लीत नवीन. हेडसरांच्या जोडीचं घर तिने घेतलेलं. काकू अजून तिच्या घरात गेल्या नव्हत्या, कारण बिचारी कायम ड्यूटीवर असायची. जाताना घाईघाईने किल्ली देऊन ती म्हणाली, "काकू, स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंड्या तेवढ्या सांभाळा हं. जीव आहे माझा त्यांच्यावर."

दुसऱ्या दिवशी काकू किल्ली घेऊन निघाल्या. पायरीवर उभ्या राहिल्या आणि थबकल्या. नर्सबाईचं दार निळं, सरांचं तपकिरी, इतकंच त्यांच्या डोक्यात बसलेलं. डावं की उजवं, हा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. आता समोर दोन राखाडी दारं, ना नंबर, ना पायपुसणं. त्यांनी अंदाजाने उजव्या दाराला किल्ली लावली. किल्ली जराशी अडली, मग फिरली. दार उघडलं. किल्ली लागली, दार उघडलं, आता याहून मोठा पुरावा कोणाला हवा?

आत मात्र सगळाच पसारा. स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये भांड्यांचा ढीग. टेबलावर औषधांची पाकिटं आणि वाळून गेलेला चहाचा कप. टेबलाला खुर्च्या दोन, एकीच्या पाठीवर बायकी स्वेटर नीट घडी करून ठेवलेला. जेवढं काय नीट होतं तेवढं त्या एका खुर्चीपुरतं. खिडकीत एक कुंडी, आणि कुंडीत वाळून काटकी झालेलं झाड.

'कुंड्या म्हणाली होती, इथे तर एकच आहे,' काकूंच्या मनात आलं. 'घाईत बोलली असेल. दुसऱ्यांची दुखणी काढता काढता पोरीला स्वतःचं घर बघायला वेळ नाही.'

नियम खरं तर पाणी घालण्यापुरताच होता. पण भांड्यांना वास सुटला होता. काकूंनी पदर खोचला, सगळी भांडी घासली, ओटा पुसला आणि खिडकी थोडी किलकिली केली. कुंडीतली माती सैल करून पाणी घातलं. दुसऱ्या खोल्यांची दारं बंद होती. त्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. एखाद्या खोलीत डोकावल्या असत्या तर भिंतीवरच्या फोटोने पुढचं रामायण तिथेच थांबवलं असतं. पण नियम म्हणजे नियम.

पुढे रोज त्या जात राहिल्या. कुलपात तेलाचा थेंबही सोडला, म्हणजे नर्सबाईला त्रास नको. आणि एके सकाळी काटकीच्या बुडाशी तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला तेव्हा काकू त्या झाडाशी मोठ्याने बोलल्या, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

"कोण आहे आत?" मागून आवाज आला.

दारात हातात बॅग घेऊन हेडसर उभे. रंगाच्या वासाने खोकला सुरू झाला म्हणून ते बहिणीकडे जाऊन राहिले होते. हे काकूंच्या गावीही नव्हतं.

"सर, तुम्ही इकडे कसे?" काकूंनी विचारलं.

"मी इकडे कसा? बाई, हे माझं घर आहे!"

काकूंच्या हातातल्या झारीतलं पाणी त्यांच्याच पायावर सांडत राहिलं. सरांनी घासलेली भांडी पाहिली, पुसलेला ओटा पाहिला, उघडी खिडकी पाहिली. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मग त्यांनी हात पुढे केला. काकूंनी किल्ली दिली. सर बाहेर गेले, डाव्या दाराला तीच किल्ली लावली, आणि ते दारही उघडलं. आत खिडकीत कुंड्यांची रांग, सगळ्या झाडांनी माना टाकलेल्या.

"उद्या सभा," सर म्हणाले. "हा किल्ल्यांचा कारभार बंद झाला पाहिजे."

काकू घरी आल्या त्या थेट फळीपुढे उभ्या राहिल्या. काकांना सगळं सांगितलं. भांड्यांचं, औषधांचं, स्वेटरचं सोडून. काका आधी पोट धरून हसले. मग बायकोचा चेहरा बघून खुर्ची ओढून बसले. दोघांनी किल्ल्या काढून जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि एकीवर एक ठेवून बघितल्या. दाताला दात जुळत होते. साऱ्या गल्लीच्या किल्ल्या, पण जाती मोजून तीन! बिल्डरने कुलपं घाऊक घेतली असणार. स्वस्तात मिळाली ती लावून तो मोकळा झाला होता, आणि लोक रोज रात्री दार ओढून निर्धास्त झोपत होते.

काकांनी पटकन किल्ल्या गोळा केल्या. "हे बघ, तू यातलं अक्षर बोलू नकोस. चुकून शेजारचं दार उघडलं, माफ करा, संपलं. हे तीन जातींचं कळलं तर लोक घाबरतील, कुलपं बदलतील, आणि मग तुझ्या फळीला कोण विचारतो? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी असती तर झाकली असती," काकू म्हणाल्या. "ही लोकांची आहे."

काका बघत राहिले. चाळीस माणसं भरलेली बस घाटातून उतरवताना जसे सावध व्हायचे तसे सावध झाले, आणि गोळा केलेल्या किल्ल्या त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसाहतीच्या हॉलमध्ये झाडून सगळे हजर. एरवी सभेला खुर्च्या ओस पडायच्या, आज बसायला जागा नव्हती. नर्सबाईही परतली होती. तिच्या निम्म्या कुंड्या गेल्या होत्या, पण ती काकूंना काही बोलली नाही, शेजारी येऊन बसली. सरांनी उभं राहून विषय मांडला. शब्द मोजके, आवाज कडक. चुकीच्या घरात प्रवेश झाला आहे, तो एकदा नव्हे, रोज झाला आहे, सबब किल्ल्या परत घेतल्या जाव्यात.

त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच पार्लरवाली उठली. गल्लीतल्या निम्म्या डोक्यांना तिचे हात लागलेले, आणि जिभेला हाड नाही.

"पण काकू, रोज जात होतात आणि घर कोणाचं ते कळलं नाही? आत होतं तरी काय असं? सांगा ना, आम्ही तर कधी पाहिलंच नाही!"

हॉलमध्ये खसखस पिकली. माणसं खुर्चीत पुढे सरकली. कोणाच्या गवतावरून, कोणाच्या डब्यावरून, कोणाच्या गुलाबी दारावरून, प्रत्येकाच्या खिशात सरांची एक तरी चिठ्ठी होती. आज त्या सगळ्यांचा हिशेब एका वाक्यात चुकता होणार होता.

काकूंनी सरांकडे पाहिलं. सर ताठ उभे होते. कोटाच्या बाहीचं एक बटण तुटलेलं, आणि तिथे भलत्याच रंगाच्या दोऱ्याने टाके घातलेले. ते टाके सर दुसऱ्या हाताने झाकत होते. एवढ्या माणसांत ते काकूंनाच दिसलं. आणि काकूंना वाटलं, ज्या माणसाला बायकोचा स्वेटर खुर्चीवरून उचलवत नाही, त्याला भांडी घासवत नसतील तर त्यात चिठ्ठी काढण्याजोगं काय आहे?

"काय सांगू?" काकू उठून म्हणाल्या. "घर इतकं टापटीप, इतकं टापटीप, की मला वाटलं हे हॉस्पिटलात काम करणारीचंच असणार. तिथेच तर फसले!"

सगळे हसले. नर्सबाई तर खो खो हसली, कारण स्वतःचं घर कसं असतं हे तिला ठाऊक होतं. सर हसले नाहीत. ते खाली बसले.

"आता दुसरं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून सगळ्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "सर म्हणतात ते बरोबर आहे. ज्याची त्याने आपली किल्ली उचलावी. आणि कुलपंही बदला. यात फक्त तीन जातीच्या किल्ल्या आहेत. गल्लीतलं कोणीही गल्लीतल्या कितीतरी घरांत जाऊ शकतं. मला काल कळलं, म्हणून आज सांगते."

मग जो गलका झाला! बेकरीवाला आणि पार्लरवाली यांनी तिथेच किल्ल्या जुळवून पाहिल्या आणि दोघे एकमेकांकडे आ वासून बघत राहिले. बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. कोणी म्हणालं पोलीस, कोणी म्हणालं वकील. तेवढ्यात मागच्या रांगेतून म्हाताऱ्या शिंप्याने काठी आपटली. तो वसाहतीतला सगळ्यात पहिला रहिवासी.

"म्हणजे एवढी वर्षं कोणीही कोणाच्याही घरात शिरू शकत होतं?" त्याने विचारलं. "मग कोणाचं काय गेलं ते तरी सांगा. चमचा? सुई?"

कोणालाच काही आठवेना. गलका हळूहळू बसला, आणि माणसं एकमेकांकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागली. आपली गल्ली काही साधीसुधी नाही, असं प्रत्येकाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. काकूंची छातीही अभिमानाने भरून आली. पण टेबलावरच्या किल्ल्या एकेक करून उचलल्या गेल्या, आणि काकू रिकामी पिशवी घडी करत घरी आल्या.

त्या आठवड्यात कुलूपवाल्याची चंगळ झाली. दारांना भोकं पडली, नवी कुलपं बसली, नंबर पुन्हा लागले. काकूंच्या घरी मात्र कोणी आलं नाही. लोक रस्त्यात भेटत, हसून बोलत. पण किल्लीचं नाव नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला दोष तरी कसा द्यायचा? काकूंनी फळी पुसली. सगळे खिळे आता सरांच्या खिळ्यासारखे झाले होते. रडायचं नाही असं ठरवलेलं असूनही त्या फडकं तोंडाशी धरून थोडं रडल्या.

"फळीवर कप टांगू या का?" काका हळूच म्हणाले. "छान दिसतील."

"टांगा," काकू म्हणाल्या.

काका कप आणायला आतल्या खोलीत गेले आणि दाराची बेल वाजली. पायरीवर हेडसर. हातात कसली चिठ्ठी दिसत नव्हती.

"आत येऊ?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकत होत्या काकू. सर स्वयंपाकघरात आले, फळीपुढे उभे राहिले आणि शाळेतल्या फळ्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघत राहिले.

"यातला कुठला?"

"तो," काकूंनी बोट दाखवलं. "पहिल्यापासून तुमचाच आहे."

सरांनी खिशातून नवी कोरी किल्ली काढली आणि खिळ्याला लावली. ती जरा वाकडी लटकली. त्यांनी ती सरळ केली.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा बहिणीकडे जायचंय," ते फळीकडे बघतच म्हणाले. "त्या कुंडीला दोन पानं आलीत. झाड आमच्या हिचं होतं. मला वाटलं होतं, गेलं." मग त्यांच्या आवाजात पुन्हा हेडमास्तर आला. "पाणी घाला. पण बेताने. मागच्या वेळी जरा जास्तच घातलंत."

"बेताने घालीन."

सर दारापर्यंत गेले आणि वळले.

"आणि ती भांडी..."

"कसली भांडी?" काकू म्हणाल्या.

सर काकूंकडे बघत राहिले. मग हसले. हेडसरांना हसताना गल्लीत कोणी पाहिलं असेल तर ते त्यांच्या बायकोने, आणि आता काकूंनी. काकूंनी तेही आतच ठेवलं.

पलीकडे आपल्या दारात उभा असलेला बेकरीवाला सरांना बाहेर पडताना बघत होता. तो घरात गेला आणि लगेच बाहेर आला. त्याच्या बोटात नवी किल्ली होती, आणि तो रस्ता ओलांडून इकडेच येत होता.

काका दोन्ही हातांत कप घेऊन स्वयंपाकघरात आले. "कुठल्या खिळ्यापासून सुरू करू?"

"ते कप जागेवर ठेवा बघू," काकू ताठ मानेने म्हणाल्या. "एकही खिळा रिकामा नाही."